लुनेचं हिरवं ठिगळ

गेल्या महिन्याभरात जो कोणी भेटला त्याने माझ्या नखांकडे बघून एकच प्रश्न विचारला, "काय रे, गेरू लावत होतास का?" गेरू नाही, लुना. बाबांच्या लुनेला रंग देत होतो. गॅरेजमध्ये नाही, घरीच. आमच्या नागपूरच्या घराच्या मागच्या अंगणात, तुळशीपासून चार हात लांब (ही आईची अट). या कामातून माझं एक मत तयार झालंय आणि ते आधीच्या मताच्या बरोब्बर उलटं आहे, म्हणून लिहायला बसलो. नातेवाइकांपैकी ज्यांनी ही लुना चालवली आहे, तिच्यावरून पडले आहेत किंवा पेट्रोल संपल्यावर पेडल मारत पंपापर्यंत गेले आहेत, त्यांनी तर वाचावंच.

नवीन पिढीसाठी आधी थोडं लुनेबद्दल. परदेशात मिनी मोटरसायकल नावाचा एक लाडका प्रकार असतो. होंडाच्या 'मंकी'ची सुरुवात १९६१ मध्ये टोकियोजवळच्या एका करमणूक बागेतल्या पोरांच्या गाडीपासून झाली आणि पुढे ती मोठ्यांनीच पळवली. आपल्याकडे त्या चणीची एक राजदूत होती, जीटीएस. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमामुळे तिला सगळे 'बॉबी'च म्हणायचे. पण बॉबी ही हौस होती. मराठी घरातली छोटी गाडी म्हणजे लुना. १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने ती बाजारात आणली, ती आपल्या अहमदनगरहून (२०२४ पासून अहिल्यानगर). मूळ घडण इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडची. पन्नास सीसीचं इंजिन, सायकलसारखी पेडलं, आणि पुढे 'चल मेरी लुना' ही जाहिरात, जी ज्यांच्याकडे लुना नव्हती त्यांनाही पाठ होती. पेट्रोलवरची लुना बंद होऊन बरीच वर्षं झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाची विजेवरची गाडी आली तेव्हा दादाने मला बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, "आपल्या लुनेचं काय करायचं ठरलं?"

तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

आमची लुना १९९१ ची. एमएच-३१, लाल. निदान आरसी बुकात तरी लाल. प्रत्यक्षात उन्हाने तिचा रंग वाळलेल्या मिरचीसारखा झाला होता. आणि मागच्या मडगार्डवर, डाव्या बाजूला, तळहाताएवढं एक हिरवं ठिगळ होतं. ते बाबांनी ब्रशने लावलेलं. खिडक्यांच्या ग्रिलला जो हिरवा ऑइलपेंट दिला होता, त्यातला उरलेला. आमच्या लहानपणी त्या ठिगळाची मला इतकी लाज वाटायची की शाळेच्या फाटकाच्या आधीच्या वळणावर मी बाबांना थांबायला सांगायचो. ते काही न बोलता थांबायचे. कारण त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी घराजवळच्या वळणावर रेतीवरून लुना घसरली. फार लागलं नाही, पण तेव्हापासून डॉक्टरांनी आणि आईने मिळून गाडी बंद केली. लुना जिन्याखाली गेली. आणि जिन्याखाली गेलेल्या वस्तूबद्दल घरात जितकी माणसं तितकी मतं असतात.

आईचं मत, भंगारवाल्याला द्या आणि जागा मोकळी करा. दादाचं मत (तो पुण्याला असतो, त्यामुळे त्याची मतं फोनवरून येतात आणि काम इथे पडतं), एखाद्या रिस्टोरेशनवाल्याकडे द्यावी, काळा-सोनेरी रंग, एकदम विंटेज, आणि त्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये उभी करावी. "बाबांची आठवण म्हणून रे." हे वाक्य फोन स्पीकरवर असताना बोललं गेलं. बाबा बाजूलाच पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "आठवण कशाची? मी जिवंत आहे ना अजून?"

दादा पलीकडे गप्प. मी हसलो, पण माझं मतही दादापेक्षा फार वेगळं नव्हतं. फरक एवढाच की मला काळा-सोनेरी नको होता. मला ती होती तशीच, पण चकचकीत हवी होती. शोरूममधून काल आणल्यासारखी. आणि ते मी माझ्या हाताने करणार होतो. बाबांना काय हवं ते विचारायचं मात्र आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रंग दे ना बेटा, पण आधी ब्रेक बघ. ब्रेक नसलेल्या गाडीला रंग देणं म्हणजे फसवाफसवी."

हे वाक्य मला तेव्हा म्हातारपणाची काळजी वाटलं. आता ते मला या विषयावरचं शेवटचं वाक्य वाटतं. जुन्या गाड्यांच्या बाजारात जरा फिरून बघा. पुट्टीने खड्डे बुजवून, वर चकाचक रंग मारून उभ्या केलेल्या गाड्यांमध्ये टायरचा गोटा झालेला असतो आणि केबल धाग्यावर आलेली असते. रंगाचा सगळ्यात जुना उपयोग झाकणे हाच आहे. म्हणून आधी दोन्ही ब्रेकच्या केबल बदलल्या, ब्रेक शू नवे टाकले, टायर-ट्यूब घेतल्या. यातच सुट्ट्या संपत आल्या आणि रंगाचा डबा अजून उघडायचा होता.

आता ज्यांना घरी असं काही करायची खुमखुमी आहे, त्यांच्यासाठी कामाचं थोडं सांगतो. मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका, तुमच्या वेगळ्या करा.

पहिली गोष्ट, रंग बदलायचा मोह टाळा. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. लालची काळी-सोनेरी केली तर आरटीओत जाऊन ती नोंद बदलून घ्यावी लागते. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि तेव्हा गाडी प्रत्यक्ष तपासतात. आमची २००६ पासून दर पाच वर्षांनी बाबांनी स्वतः नेऊन दाखवली आहे. २०२१ सालीही नेली. कागद असे सांभाळलेल्या माणसाच्या गाडीला कागदावर नसलेला रंग देणं मला बरं वाटेना. दादाच्या काळ्या-सोनेरीचा निकाल इथेच लागला.

दुसरी गोष्ट, चासीवर ठोकलेला नंबर. घासताना तो पुसट होऊ शकतो आणि पुट्टी नि रंगाचे थर चढले की अक्षरं बुजतात. तपासणीत तो नंबर वाचता आला नाही तर तुमची गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसा. म्हणून त्यावर आधी मास्किंग टेप लावली आणि काम संपेपर्यंत काढली नाही.

तिसरी गोष्ट, ऋतू. नागपुरात मे महिन्यात स्प्रे मारायचा नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की रंगाचा फवारा पत्र्यावर पोचण्याआधीच हवेत सुकतो आणि पत्र्यावर रांगोळीसारखा भुरभुरीत बसतो. पावसाळ्यातही नाही, कारण थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प धरतं आणि रंगावर पांढरट साय येते. राहिला हिवाळा. त्यातही पहाटे नाही, ऊन वर आल्यावर, साधारण अकरा ते तीन. म्हणून मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुट्ट्या टाकल्या. डबाही आधी उन्हात ठेवून थोडा कोमट होऊ द्यायचा (थोडाच! चुलीजवळ नेऊ नका, फुटेल).

चौथी गोष्ट, आणि खरं काम हेच, घासणे. मडगार्डं, चेनवरचं झाकण, बाजूची झाकणं सगळं सुटं केलं. साबणाने धुतलं. मग पॉलिश पेपर. गंजाच्या जागी ऐंशी आणि एकशेवीस नंबर, मग दोनशेवीस, प्रायमरवर चारशे, शेवटी सहाशे. सगळं पाणी लावून. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि बाबांचं हिरवं ठिगळ त्याच्या कितीतरी आधीचं. कोरडं घासलं तर ती धूळ अंगणभर उडणार आणि घरात लहान पोरं आहेत. पाणी लावून घासलं की चिखल होतो, तो कागदाने पुसून बाजूला काढता येतो.

घासताना एक कळतं. गाडीवर एक रंग नसतो. वरचा फिका लाल, त्याखाली जरा गडद लाल, त्याखाली प्रायमर, त्याखाली पत्रा. कड नीट घासली की हे थर जमिनीच्या नकाशातल्या रेषांसारखे एकाबाहेर एक दिसायला लागतात. कड बोटाला लागता कामा नये. हे मला आमच्या गल्लीच्या टोकाला डेंटिंग-पेंटिंगचं काम करणाऱ्या एका जुन्या पेंटरने शिकवलं. मी एकदा मडगार्ड घेऊन त्यांना दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. "भाऊ, हे डोयानं नाही पाहाचं, बोटानं पाहाचं. बोटाले लागलं तर रंगावर दिसणारच." घरी येऊन मी पुन्हा दोन दिवस घासलं.

आणि मग आलं ते हिरवं ठिगळ.

इथे मी भावुक झालो. सगळं घासलं, पण त्या तळहाताएवढ्या जागेवर पेपर चालवेना. ज्या ठिगळाची मला लहानपणी लाज वाटायची, ते आता मला बाबांची सही वाटायला लागलं होतं. (हे असंच होतं. लाज आणि अभिमान यांच्यामध्ये फक्त वीसेक वर्षं असतात.) मग मी एक तोडगा काढला. ठिगळ तसंच ठेवायचं, त्यावर प्रायमरचा पातळ हात, मग लाल रंग. म्हणजे दिसायला गाडी एकसारखी आणि आत बाबांचं ठिगळ सुरक्षित. मी या कल्पनेवर इतका खूश होतो की दादाला फोन करून सांगितलं. तोही खूश झाला.

दुपारी बारा वाजता लाल रंगाचा पहिला हात मारला. डबा पत्र्यापासून वीतभर लांब, एका दिशेने, न थांबता. सुंदर बसला. दहा मिनिटांनी दुसरा हात मारला. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या हिरव्या जागेवरचा रंग हलला. आधी एक सुरकुती, मग जाळं, मग दुधावरची साय गोळा होते तसा सगळा रंग गोळा झाला. तळहाताएवढा भाग. बाकी मडगार्ड आरशासारखं आणि मधोमध हा फोड.

मडगार्ड घेऊन पुन्हा पेंटरकडे. त्यांनी बोट लावलं नाही, नुसतं पाहिलं. "खाली ऑइलपेंट होता ना?" मी म्हटलं, हो. "मग तो उठणारच. वरतून थिनरचा रंग मारला तं खालचा फुगते. तुम्ही त्याले झाकून राहिले होते, तो झाकला जात नाही जी. एक तं पूर्ण काढा, नाही तं तसाच ठेवा."

त्यांनी ते ऑइलपेंटबद्दल म्हटलं होतं. मी घरी येईपर्यंत ते दुसऱ्याच गोष्टींना लावत आलो. त्यामागचं शास्त्र सरळ आहे. ऑइलपेंट वरून सुकतो, कडक होतो, पण स्प्रेच्या रंगातला थिनर त्याच्यात शिरतो, तो थर फुगतो आणि पत्र्यावरची पकड सोडतो. आतमध्ये जागा नाही, म्हणून तो सुरकुततो. वर्षं कितीही झाली असोत.

बाबा अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसले होते. मी मडगार्ड पुढे धरलं आणि कसंबसं म्हटलं, "बाबा, ते तुमचं ठिगळ... ते ठेवायचं होतं मला. आता काढावं लागेल."

बाबांनी मडगार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. "मग काढ की. काय ठेवायचं त्याच्यात?"

"तुम्ही लावलेलं आहे म्हणून..."

"तेव्हा घरात तेवढाच रंग होता रे. इथला रंग उडाला होता, गंज धरत होता. लाल डबा आणायचा म्हणजे पगार होईपर्यंत थांबायचं, तोवर पावसाळा. म्हणून जो होता तो लावला. गंज थांबला, काम झालं. तेवढ्यासाठी होता तो." आणि मग, जरा थांबून, "तुला आवडायचा नाही ना तो?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. फाटकाच्या आधीच्या वळणावर रोज थांबणाऱ्या माणसाला तीसेक वर्षं माहीत होतं. मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही आणि आठवलं तरी इथे लिहिणार नाही.

मग बाबांनी मडगार्ड पुन्हा उलटं केलं आणि आतली बाजू मला दाखवली. तिथे चिखल बसून काळा झालेला एक थर होता. मी तो काढणारच होतो. त्यांनी नखाने खरवडलं. आत तांबडा रंग. "हा रेड ऑक्साईड. हाही मीच मारला होता. बघ, निघतो का नखाने?" निघाला नाही. "हा धरून आहे. याला हात लावू नको. पाणी इथे उडतं, गंज आतून येतो. वरचा रंग काय, लोकांना दाखवायला असतो."

तर माझं मत जे बदललं ते असं. जुन्या वस्तूचं काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे आपण आठवणीवरून ठरवतो. कोणी लावलं, कधी लावलं, बघून गळा दाटून येतो का. आणि तिथेच चुकतो. रंगकामातला नियम फार साधा आहे. जो थर पत्र्याला धरून आहे तो ठेवावा, त्याची कड घासावी आणि त्याच्यावर काम करावं. जो सुटला आहे किंवा वरच्याला धरू देणार नाही, तो काढावा, मग तो कोणी का लावलेला असेना. पूर्ण पत्रा उघडा करून सगळं नव्याने करणं हा जसा एक हट्ट आहे, तसाच जुनं जसंच्या तसं आत पुरून वरून चकचकीत करणं हाही एक हट्टच. पहिला दादाचा होता, दुसरा माझा. ज्याने गाडी तीस वर्षं चालवली त्याला दोन्ही नको होते. त्याला गंज थांबायला हवा होता.

आणि आपण हे गाड्यांच्या बाबतीतच करत नाही. घरातल्या जुन्या माणसांचं आपण 'आठवण' नावाचं काहीतरी त्यांच्या हयातीतच करायला लागतो. त्यांच्या वस्तू कोनाड्यात, हॉलमध्ये, काचेत. त्यात प्रेम असतं, नाही असं नाही. पण ते आपल्या सोयीचं प्रेम असतं. बाबांच्या 'आधी ब्रेक बघ' मध्ये मला ते दिसायला फार उशीर लागला. त्यांच्या लेखी लुना अजून गाडी होती. आम्ही दोघांनी ती परस्पर फोटोच्या चौकटीत घालून टाकली होती.

असो. कामाचं उरलेलं सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल मडगार्डावरून कुठे पोचला.

हिरवं ठिगळ काढलं. रिमूव्हर लावून, हातमोजे घालून, उघड्या हवेत. त्याखालचा पत्रा, सांगतो तुम्हाला, स्वच्छ निघाला. एक काळा ठिपका सोडला तर गंज नाही. ग्रिलच्या रंगाने आपलं काम चोख केलं होतं. मग प्रायमर, घासणे, पुन्हा प्रायमर, पुन्हा घासणे, आणि लाल रंगाचे चार पातळ हात. एका झाकणावर माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोकं पडली, कारण आईने वेणी घालता घालता ते उन्हातून उचलून सावलीत ठेवलं होतं. खोबरेल तेलाच्या बोटावर रंग बसत नाही, बाजूला सरकतो. (आई म्हणते, तुझंच चुकलं, वाटेत ठेवलं होतंस. मान्य.) दुसऱ्या झाकणावर जवळून मारल्यामुळे ओघळ आला. तिसऱ्यावर रंग संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार बसला. पेंटर लोक त्याला ऑरेंज पीलच म्हणतात. नागपुरात राहून तेवढं तर व्हायलाच हवं. ते दोन हजार नंबरच्या पेपरने पाणी लावून घासलं आणि कंपाउंडने चोळलं, बरंचसं गेलं. दोन डबे पुरतील म्हणून आणले होते, पाच लागले. तेव्हा घरी रंग दिला की पैसे वाचतात, हे कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पेट्रोलची टाकी मात्र मी घरी केली नाही. साध्या स्प्रेचा रंग पेट्रोलला टिकत नाही, भरताना दोन थेंब सांडले की तो चिकट होतो. तिथे दोन भाग मिसळून मारायचा पीयू रंग लागतो आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो आणि तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून ते अडत नाही. शिवाय रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते. घरी काय करू नये हे कळणं हाही घरी करण्याचाच भाग. टाकी गल्लीच्या टोकाला गेली, त्या डोळे मिटून बघणाऱ्या पेंटरकडे. त्यांच्याकडे त्यासाठीचं वेगळं सामान आहे. रंग त्यांनी माझ्या मडगार्डाला असा जुळवून दिला की बाजूबाजूला ठेवल्यावर फरक ओळखू येतो, पण तो फक्त मला. त्यांचं काम जास्त चांगलं आहे.

मडगार्डाची आतली बाजू फक्त धुतली. बाबांचा रेड ऑक्साईड आहे तिथे आहे.

काल सगळं जोडलं. बाबा लुनेवर बसले, स्टँडवरच. आई दारात उभी होती, काही बोलली नाही, पण तिथून हललीही नाही. त्यांनी दोन पेडल मारली, तिसऱ्याला इंजिन धरलं. तो आवाज... ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाबांनी पुढचा ब्रेक दाबून बघितला, मग मागचा. एक-दोन मिनिटांनी बंद केली आणि उतरले. रस्त्यावर ते चालवणार नाहीत, ते त्यांनाही ठाऊक आहे. पण भाजी, दळण आणि औषधं आता मी लुनेवर आणायची असं ठरलंय. तसं त्यांनीच सांगितलं. मला चालवताना त्यांनी गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं आणि परत आल्यावर म्हणाले, "वळणावर हळू घे, तिथे रेती असते."

मी वाट बघत होतो रंगाबद्दल काही बोलतील म्हणून. ते गाडीभोवती एक चक्कर मारून मागे गेले, वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"नंबर प्लेट वाकडी बसली आहे," म्हणाले.

बसली आहे खरी. उद्या सरळ करतो.